एकतीस लाख बारक्या फायली

पहिल्या दिवशी मी केबलला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी डिस्कला. तिसऱ्या दिवशी कंपनीला. पण कंपनीला शिव्या देऊन काय उपयोग, फोन उचलायला तिथं माणूसच नव्हता. गोड आवाजाचं एक यंत्र होतं, ते माझ्या प्रत्येक शिवीनंतर म्हणायचं, आपली अडचण आम्ही समजू शकतो. आता चौथा दिवस तेवढा उरला होता, शनिवार. संध्याकाळी सहाला माझ्या बायकोची वाचा कायमची बंद होणार होती.

नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा कुठूनही कुठं जातो.

मी अंकुश खटावकर, विट्याचा. शाळा सातवीपर्यंत, तीपण नापास. आधी टेप दुरुस्त केले, मग टीव्ही, मग तीस वर्षं हार्ड डिस्क. कुणाचे लग्नाचे फोटो अडकले, कुणाच्या डॉक्टरकीच्या पोरीचा अभ्यास अडकला, की ते माझ्याकडं. मेलेल्या डिस्कमधनं मी माल काढतो. धंद्यात माझे दोनच नियम. एक, काही म्हणजे काही फेकायचं नाही, आज नको वाटणारी फाईल उद्या माणूस रडत मागायला येतो. दुसरा, कस्टमरचं कधी उघडून बघायचं नाही. माल मोजायचा, हलवायचा, हातात द्यायचा. आत काय आहे ते त्याचं त्याच्यापाशी.

माझी बायको सुवर्णा. साडेचार वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, डोकं शाबूत. फक्त तोंडातनं शब्द येईना. मिरजेच्या दवाखान्यात नसरीन मुल्ला म्हणून मॅडम होत्या, हीच यंत्रं बसवायचं त्यांचं काम. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. म्हणाल्या, काका, वाक्य डोक्यात तयार होतं, मग तोंडाला हुकूम सुटतो, जीभ अशी हलव, ओठ असे मिट. काकूंचा हुकूम सुटतोय, पण मधला रस्ता वाहून गेलाय. आपण रस्ता बांधत नाही. हुकूम निघतो तिथंच तो पकडायचा.

मग त्यांनी मेंदूवर कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक जाळी बसवली. कानामागं एक बटण आणि गळ्यात एक डबी. जाळी हुकूम पकडणार, बटण तो डबीला देणार आणि डबी बोलणार. आवाज सुवर्णाचाच, जुन्या फोनवरच्या बोलण्यातनं तयार केलेला. मनातले विचार ती जाळी पकडत नाही बरं का. मी पहिलं तेच विचारलं होतं, आणि मॅडम लई हसल्या होत्या. ती पकडते फक्त तोंडाकडं निघालेलं. जे बोलायचंच म्हणून माणसानं ठरवलं, तेवढंच.

आता प्रत्येकाचा हुकूम वेगळा. माझा 'पाणी' आणि तुमचा 'पाणी' आत सारखा दिसत नाही. म्हणून यंत्राला शिकावं लागतं. पहिल्या महिन्यात सुवर्णाला तीस शब्द यायचे. पाणी, हो, नको, दुखतंय, उठवा. वर्षात ती भांडायला लागली. दोन वर्षांत भाजीवाल्याशी घासाघीस. एकच होतं, शब्द यायला तीन-चार सेकंद लागायचे. डबी आधी गप्प, मग बोलायची. माणसं सवयीनं थांबायची.

ती सगळी शिकवण मात्र डबीत नव्हती. ती कंपनीच्या मशीनवर, कुठं लांब, देवाला ठाऊक. कंपनी दुसऱ्यानं घेतली आणि त्याला हा धंदा नको होता. नोटीस आली. तीस दिवसांत पेशंटनं आपापला साठा आपल्या डिस्कवर उतरवून घ्यावा, नंतर मशीन बंद. पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी फुकटात एक प्रोग्राम काढला होता, साठा पूर्ण असला की तो घरच्या घरी डबी चालवायचा. पण पूर्ण पाहिजे. शेवटी एक शिक्का बसतो, सगळं मोजून. एक फाईल कमी पडली तरी शिक्का नाही, आणि शिक्का नाही म्हणजे काहीच नाही.

मी नोटीस वाचली आणि खिशात घातली. तीस दिवस? आमचा जन्म गेला ह्यात. हे मला तीस मिनिटांचं काम. दुसऱ्यांच्या डिस्का आधी. सुताराच्या घरी खाट मोडकी असते, तसं आमचं. शेवटच्या आठवड्यात बुधवारी मी सुवर्णाला खुर्चीत बसवलं.

बसवलं म्हणजे बांधलंच. साठ्याची किल्ली तिच्या कानामागच्या बटणात. म्हणजे बटणातनं एक वायर, हातभर लांब, ती माझ्या कॉम्प्युटरच्या ठोकळ्याला, आणि ठोकळ्यातनं माझ्या डिस्कला. कॉपी चालू असेपर्यंत तिनं उठायचं नाही. आणि एकदा साठा काढायला घेतला की डबी बंद, काम पूर्ण होईपर्यंत चालू होत नाही. हे मला त्या दिवशी सकाळी कळलं, स्क्रीनवरचं बटण दाबल्यावर. दाबायच्या आधी ती 'थांबा' म्हणाली होती का? म्हणत असंल. मला आठवत नाही.

सुरुवात झकास. गाडी घाटातनं उतरल्यासारखी. वीस मिनिटांत चार टक्के. मग वेग पडला आणि बारा टक्क्यांवर सगळं थांबलं. स्क्रीनवर आलं, 'मूळ साठा बदलला आहे, पुन्हा सुरुवात करा.'

मशीन काय लिहितं त्याच्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. तीस वर्षांत त्यांनी मला एवढं खोटं सांगितलंय. असल्या भानगडीत दहातल्या सात वेळा दोष केबलचा. बाहेरनं सगळ्या सारख्या दिसतात, पण काही नुसत्या चार्जिंगच्या, आत माल न्यायच्या तारा केसासारख्या बारीक. मी जाड केबल लावली. ठोकळ्याच्या पुढच्या भोकातनं काढून मागच्यात घातली, पुढचं भोक नावाला असतं. डिस्कला वेगळी वीज दिली, कारण उपाशी डिस्क मधीच झोपते. पुन्हा पहिल्यापासनं. नऊ टक्के, थांबलं. पुन्हा. पंधरा टक्के, थांबलं.

सुवर्णा खुर्चीत. मी तिच्याशेजारी स्टूल टाकून बसलो होतो. तिचा वेळ जावा म्हणून बोलत होतो, बाजारातलं, पाहुण्यातलं, एका मास्तरनं डिस्क पाण्यानं धुऊन आणली होती ते. ती हसायची. नंतर हसायची बंद झाली. मी म्हणलं, दमली असंल.

गुरुवारी डिस्क बदलली. जुनी होती कौलारू. म्हणजे काय, तर आत माहिती कौलांसारखी एकावर एक चढवून ठेवतात, जागा वाचते. भरताना सोपं. पण मधलं एक कौल बदलायचं म्हणलं की वरची सगळी उचलायची, बदलायचं, परत बसवायची. बाहेरनं वाटतं डिस्क मेली, पण ती बिचारी कौलं चढवत-उतरवत असते. मी सांगलीहून बिनचाकाची, म्हणजे आत काही फिरत नाही अशी, नवी डिस्क आणली. आयुष्यात पहिल्यांदा नवी घेतली मी.

वेग वाढला. तरी दहा तास दाखवत होतं, आणि थांबायचं ते थांबतच होतं. अकरा टक्के. सहा टक्के. एकदा तर दोन टक्के, मी आत्ताच 'आता बघ कसं पळतंय' म्हणलं होतं.

त्या संध्याकाळी सुवर्णानं डाव्या हातानं कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. डावा हात तिचा कच्चा, अर्ध्या शब्दात थकायचा. 'तु' एवढं झालं आणि खाली वाकडी रेघ. मी म्हणलं, तुझं डोकं दुखतंय ना, कळलं मला, गोळी देतो. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

शुक्रवारी मी कंपनीला फोन लावला. तिच्यासमोर शिव्या नकोत म्हणून बोळात उभा राहिलो. दोन तास त्या गोड आवाजाशी डोकं लावलं. आत आलो तर काय, एकोणीस टक्के. एवढं कधीच झालं नव्हतं. मी खुशीत आलो. म्हणलं, बघ सुवर्णा, म्हणलं नव्हतं तुला, केबलच होती, मी तुला पहिल्या दिवशीच...

थांबलं.

मूळ साठा बदलला आहे.

मी स्टुलावर बसलो. डोक्यात काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना. मग मी करायचं ते केलं, साठ्याची यादी उघडली. फायली नाही, नुसती यादी. माल किती आणि कसला, एवढं बघायला नियम आडवा येत नाही.

दोन पेट्या होत्या. एकीवर लिहिलं होतं 'बोललेलं'. अडतीस हजार फायली. दुसरीवर 'न बोललेलं'. एकतीस लाख.

तेव्हा वेगाचं कोडं सुटलं. हजार माणसांची पंगत एकदम बसवायला वेळ लागत नाही. पण प्रत्येकाला दारात अडवून नाव काय, गाव काय विचारायचं आणि मग आत सोडायचं म्हणलं तर जेवण वाळून जाईल. डिस्कचं तसंच. एक मोठी फाईल झटक्यात जाते. बारकी फाईल केवढीशी का असेना, दारातली विचारपूस तेवढीच. इथं दारात एकतीस लाख उभे.

मी बोळात जाऊन मुल्ला मॅडमना फोन केला. म्हणलं, एवढं न बोललेलं कुठनं आलं? त्या म्हणाल्या, काका, ते रोज आपोआप पुसलं जातं. बसवताना तुम्ही 'सगळं ठेवा' असं निवडलं नव्हतं ना?

निवडलं होतं. बसवायच्या दिवशी मोबाईलवर चौकोन आले होते, हे ठेवायचं का, ते ठेवायचं का. मी सगळ्यावर टिक केली. काही फेकायचं नाही. सुवर्णा बाजूच्या खाटेवर होती, डोक्याला पट्टी. तिला विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नाही, ती कुठं बोलत होती तेव्हा.

म्हणलं, मग ती पेटी सोडून देतो, नुसतं बोललेलं घेतो, तासाभरात होईल. मॅडम लगेच नको म्हणाल्या. यंत्र शिकलंय ते दोन्हीवर. मोठी पेटी काढली तर शिकवण कोसळेल, काकू परत तीस शब्दांवर येतील. पाणी, हो, नको.

शेवटी मी विचारलं की न बोललेलं म्हणजे नेमकं काय. त्या म्हणाल्या, हुकूम तोंडाकडं निघाला, आणि मधनंच माघारी फिरला. माणसानं बोलायचं ठरवलं आणि मग नाही बोललं.

"पण का फिरतो माघारी?"

"काका, ते तुमच्या घरातलं मला कसं कळणार?"

आत येऊन मी ती पेटी उघडली. तिच्यात नावं होती. बसवताना घरातल्या सगळ्यांचे आवाज यंत्राला ओळखून दिले होते, म्हणून कोणाशी बोलताना काय झालं ते ज्याच्या त्याच्या नावावर. सुमनआक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तासगावची, ती अधनंमधनं राहायला यायची. तिच्या नावावर दीड लाख. आमची पोरगी ऋतुजा, नाशकात असते, फोनवरच बोलते, तिच्या नावावर चार हजार. अंकुश, सव्वीस लाख.

तीस वर्षांत मी हे केलं नव्हतं. कस्टमरचं उघडायचं नाही. मी एक उघडली.

आत तो आकडेमोडीचा कचरा, आणि खाली यंत्रानं लावलेला अर्थ, अर्धी ओळ. 'अहो, मला जरा.' बस. एवढंच. दुसरी उघडली. 'अहो, ते तसं.' तिसरी. 'मी काय म्हणते.' चौथी. 'आज माझं.' एकही पुरी नव्हती. प्रत्येकीबरोबर त्या वेळचा घरातला आवाज पण जोडलेला होता, ओळख पटायला. मी तो लावला.

माझाच आवाज. मी कोणाला तरी मास्तरची आणि धुतलेल्या डिस्कची गोष्ट सांगत होतो. दुसरीत पण मी, भाजीवाल्याला सांगत होतो की हिला दोडका चालत नाही. तिसरीत ऋतुजाला, आईचं बरंय गं, आई खुश आहे. प्रत्येकीत आधी शांतता, तीन सेकंदांची, डबीला लागते तेवढी. त्या तीन सेकंदांत मी घुसलेला.

चौदा उघडल्या. मग मान वर केली. सुवर्णा माझ्याकडं बघत होती. वायरीनं बांधलेली, त्यामुळं जाणार कुठं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं तेव्हा वायर ताणली गेली.

दोष सापडला होता. सांगायला पाहिजे का? मी बोलतो. ती उत्तर द्यायला जाते, डबी बंद असली तरी जाळी चालूच असते. मी थांबत नाही. तिचा हुकूम माघारी फिरतो. त्याची नवी फाईल होते. मोजदाद बदलते. मूळ साठा बदलला आहे, पुन्हा सुरुवात करा. मशीन तीन दिवस खरं सांगत होतं. केबल चांगली होती, भोक चांगलं होतं, कौलारू डिस्कनं पण वेळ लावला असता पण काम केलं असतं. बिघाड स्टुलावर बसून गप्पा मारत होता.

मी तिला विचारलं, मी मधी बोलतो का गं? आणि नेहमीसारखं पुढं बोलणार होतो, की अगं पण तुझ्या भल्यासाठीच. तिनं डावा हात वर केला. पंजा माझ्याकडं. चौकातला पोलीस गाडी अडवतो तसा.

शनिवारी सकाळी सातला सुरू केलं. दहा तास म्हणजे संध्याकाळचे पाच. रात्री लावावं तर झोपेत वायर निघायची भीती, आणि आता एकदा तुटलं तर परत वेळ नाही. दुसऱ्या कोणाला बसवावं तर तिची उजवी बाजू धरत नाही, कलंडते, तिला कसं सावरायचं ते मलाच ठाऊक. म्हणजे मी तिथंच, आणि गप्प. बरं, नुसतं माझं गप्प राहणं पुरेसं नव्हतं. तिला तहान लागली आणि 'पाणी' म्हणायला गेली तरी खेळ खलास. तिला काही म्हणावं वाटायच्या आत मला ते कळलं पाहिजे होतं.

तर मी तिच्याकडं बघत बसलो.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. तिच्याकडं असं कधी बघितलं होतं काय, माहीत नाही. पहिल्या तासात माझ्या जिभेला मुंग्या आल्या. खोटं नाही सांगत. काही दिसलं की वाक्य तयार व्हायचं, ओठापर्यंत यायचं, आणि दाबून आत ढकलायचं. छातीत साचतं ते. दहा वाजेपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं. मनात आलं, ही चार वर्षं असं करतीय, दिवसातनं दोन हजार वेळा. मग तो हिशेब मी सोडून दिला.

साडेदहाला तिनं ओठ चाटले. मी पाणी पाजलं. बाराला पेज भरवली. तिची नजर परत परत खिडकीकडं जायची. मी तिच्या खुर्चीमागं वाकून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरनं बघितलं. खिडकी दिसतच नव्हती. झटक्यानंतर मी स्टँडजवळचा गाळा सोडून दुकान घरातच पुढच्या खोलीत आणलं होतं, तिच्याजवळ राहता यावं म्हणून. जुने मॉनिटर खिडकीला लावून छतापर्यंत रचलेले. मी ते एकेक करून उतरवले, आवाज न करता, तासभर लागला. उजेड आत आला. समोरच्या लिंबावर चिमण्या होत्या. ती बघत बसली. एकावन्न टक्के.

दोनला बोळात चपलांचा आवाज आला. सुमनआक्का. द्राक्षाची पेटी डोक्यावर. आक्का आमच्या घराण्याची, म्हणजे घराच्या चार दारं अलीकडनंच तिचं बोलणं सुरू होतं. मी दार उघडून तिच्यापुढं आडवा झालो आणि तोंडावर बोट ठेवलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तीन दिवसांची दाढी, डोळे लाल, बोलत नाही. अंकुश बोलत नाही म्हणजे घरात कोण तरी गेलं, दुसरं काय असणार. तिनं पेटी खाली टाकली आणि हंबरडा फोडायला तोंड उघडलं.

मी थोरल्या बहिणीच्या तोंडावर हात दाबला. आयुष्यात पहिल्यांदा. तिला तसंच धरून बोळाच्या टोकापर्यंत नेलं, ती मला गुद्दे घालत होती. तिथं सोडलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मग आधी सांगायचं की, मुडद्या." आणि बोळाच्या टोकाला पायरीवर बसून राहिली, येणाऱ्या प्रत्येकाला अडवत. आक्कानं अडवलं म्हणजे कोण पुढं येतंय.

मी पळत आत आलो. सदुसष्ट टक्के. चालू होतं.

पण सुवर्णाचा चेहरा बदललेला. उजव्या पायात पेटका आला होता. तो पाय हलत नाही, पण दुखतो, हे देवाचं कसलं गणित मला कळलेलं नाही. तिचे ओठ उघडले होते. मला माहीत होतं आता काय येणार, 'आई गं' येणार, ते कोणाला थोपवता येत नाही. मी गुडघ्यावर बसलो, टाच हातात धरली, बोटं वर ओढली, पोटरी चोळायला लागलो. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं, पण हुकूम सुटायच्या आतच तिनं ओठ मिटले. घट्ट. पांढरे पडेपर्यंत. मी चोळत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, शेवटी पाय सैल पडला. वर बघायची हिंमत होईना. मग बघितलं. अठ्ठ्याहत्तर.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी शिक्का बसला. दहा तासांचे जवळजवळ अकरा झाले होते, बारक्या फायलींचं असंच. वीस मिनिटं उरली होती. मी काही बोललो नाही. सवय मोडली होती का भीती बसली होती, कोण जाणे. वायर काढली. तिच्या कानामागं लाल वळ उठला होता, त्याला तेल लावलं. कॉलेजच्या पोरांचा प्रोग्राम चढवला, डिस्क जोडली, डबी तिच्या गळ्यात घातली. हिरवा दिवा लागायला दहा मिनिटं गेली. तेवढ्यात आक्का दारात येऊन उभी राहिली, तीपण गप्प, पदर तोंडात.

दिवा लागला. सुवर्णानं डबीला हात लावला.

एक सेकंद. दोन. तीन. चार. नवीन प्रोग्राम जुन्यापेक्षा हळू होता. मला वाटलं गेलं सगळं, मी काहीतरी म्हणणार होतो, बिघाड काय असंल ते. जीभ दातांत धरली.

"आक्का, बसा," डबी म्हणाली. सुवर्णाच्याच आवाजात. आक्का तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. मग सुवर्णानं तिला चहा टाकायला सांगितलं, आत जाऊन. आक्का गेली.

मग ती माझ्याकडं वळली. "किती उघडल्या?"

"चौदा."

"बाकीच्या?"

"नाही उघडल्या."

तिनं मान हलवली. बराच वेळ गेला. मी लिंबाकडं बघत थांबलो.

"मग मी सांगते. मधी बोलायचं नाही."

मी मान हलवली.

"दुकान घरात नको."

माझं तोंड उघडलं. तुझ्यासाठीच आणलं होतं, हे वाक्य पुरं तयार होतं. मी स्वतःचाच हात स्वतःच्या तोंडावर ठेवला.

"माझ्यासाठी आणलं," ती म्हणाली. "माहीत आहे. पण विचारलं नाही. चार वर्षं सकाळपासनं माणसं येतात. तुम्ही बोलता. मी ह्या खुर्चीत. मला उठून जाता येत नाही. तुम्ही चांगलं बोलता हो, मला पण आवडायचं. तुम्ही घरी यायचा, मग सांगायचा, तेव्हा आवडायचं." मधी मधी डबी थांबत होती, मी पण थांबत होतो. "आता तुम्ही घरी येतच नाही. तुम्ही घरीच असता. मला दहा ते सहा घर पाहिजे. गप्प घर. शेजारची शांता येऊन बसेल, तिला मी विचारते. मी विचारते, तुम्ही नाही."

आतनं कपबशांचा आवाज येत होता. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. चार दिवस मी त्या वायरीशी झगडलो, तिची वाचा वाचवायला, आणि वाचली. आणि त्या वाचेनं पहिलं काम काय केलं, तर मला घराबाहेर काढलं. तिचं बरोबर होतं. ते जास्त लागलं.

माझी पाळी आली असं वाटल्यावर मी विचारलं, बोलू का. ती हो म्हणाली.

"सोमवारी स्टँडजवळ गाळा बघतो."

ती थांबली. डबी गप्प. मी पण गप्प. चिमण्या लिंबावरनं उडाल्या, परत बसल्या.

"उद्या," ती म्हणाली.